पावसाळ्यात जोडणी, दिवाळीनंतर रंग: मुंबईच्या घरात पहिलं प्लास्टिक मॉडेल

किटच्या सूचनापत्रिकेत सगळं असतं: कुठला भाग कुठे बसतो, रंगाचा क्रमांक कोणता, आधी काय चिकटवायचं. महिना मात्र लिहिलेला नसतो, आणि मुंबईत पहिला निर्णय महिन्याचाच घ्यावा लागतो. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की लॅकर (थिनरवर चालणारा, झपाट्याने वाळणारा रंग) किंवा मॅट, म्हणजे बिनचमकीचं, वार्निश फवारलं तर वाळताना त्यावर पांढुरकी साय धरते. दोन महिने मन लावून जोडलेलं मॉडेल जुलैच्या एका दुपारी असं खराब होतं. म्हणून कापणं, चिकटवणं, घासणं हे सगळं पावसाळ्यात करा आणि रंगाच्या बाटल्या दिवाळीनंतर उघडा. पहिल्या किटला तसेही तीन-चार महिने लागतातच.

कुठलं किट घ्यायचं

पहिल्यांदा १/७२ मधलं जेट विमान घ्यावं, आणि त्यातही मिग-२१. भारतीय हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला निरोप दिला, तेव्हा विषय जवळचा आहे. शिवाय घडण सोपी आहे: नळीसारखं धड, दोन त्रिकोणी पंख, शेपटी. एकावर एक पंखांचं, तारांनी बांधलेलं जुनं विमान किंवा शेकडो तोफांची युद्धनौका पहिल्या खेपेला घेऊ नका. तसं किट अर्धवट राहतं, माळ्यावर जातं आणि छंदही तिथेच थांबतो.

१/७२ हे प्रमाण फुटा-इंचांतून आलं आहे: खऱ्या वस्तूचे सहा फूट म्हणजे मॉडेलचा एक इंच. मुंबई लोकलचा डबा बारा फूट रुंद असतो, तो या प्रमाणात बरोबर दोन इंच होईल. साडेपाच फुटी माणूस २३ मिलिमीटर. मिग-२१ च्या पंखांचा पल्ला ७.१५ मीटर आहे, म्हणजे मॉडेल ९.९ सेंटिमीटर रुंद. १/४८ मध्ये तेच १४.९ सेंटिमीटर होतं. जोडायला १/४८ सोपं, पण एका खोलीच्या घरात चौथं-पाचवं मॉडेल ठेवायला जागा उरत नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर दरवाजापेक्षा उंच मावळा उभा असतो आणि तो छानच दिसतो. इथे मात्र डोळा हळूहळू इतका तयार होतो की अर्ध्या मिलिमीटरची चूकही खुपते.

खोक्यावर ‘मिग-२१’ एवढं वाचून पैसे देऊ नका. भारताने या विमानाच्या अनेक आवृत्त्या वापरल्या. १९७१ च्या युद्धातल्या एफएल या आवृत्तीला आत बसवलेली तोफ नव्हती, ती पोटाखाली वेगळ्या पेटीत (पॉडमध्ये) लावत. नंतरच्या बिस या आवृत्तीची पाठ जास्त फुगीर आहे. कुठल्या आवृत्तीचे भाग आहेत आणि डेकलच्या (पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या चिन्हांच्या) कागदावर भारतीय वर्तुळं आहेत का, ते पाहा: बाहेर केशरी, मग पांढरं, मध्ये हिरवं.

किट घरी आलं की एक रविवार वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात घालवा. तिथे एचएफ-२४ मारुत ठेवलेलं आहे. विमान वेगळं असलं तरी पाहायचं ते पत्र्यांचे सांधे. दहा फुटांवरून ते जेमतेम दिसतात. पुढे मॉडेलवर रेघा गडद करायची वेळ येईल तेव्हा हे आठवावं, कारण बहुतेक नवखे लोक विमानावर चौकटीची वही आखल्यासारख्या काळ्या रेघा ओढतात.

सामान

मॉडेलसाठी म्हणून विकलेली महाग हत्यारं सगळीच लागत नाहीत. झवेरी बाजार-काळबादेवीच्या भागात सोनारकामाची हत्यारं मिळतात. तिथून बारीक कानशींचा संच, दोन चिमटे (एक सरळ, एक वाकडा), हाताने फिरवायचं छोटं ड्रिल आणि ०.३ ते १ मिलिमीटरची बिट घ्या. सोनाराचा चिमटा टोकाला नीट मिटतो. स्वस्त चिमट्यातून इवलासा भाग उडतो आणि कपाटाखाली जातो. वॉटर पेपर ४००, ६००, ८००, १००० आणि २००० नंबरचा, नागदेवीच्या हार्डवेअरवाल्यांकडे. लॅमिंग्टन रोडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. ते ब्रश धुवायला, हाताचं तेल पुसायला आणि बिघडलेला अ‍ॅक्रिलिक रंग काढायलाही चालतं.

दोन गोष्टी मात्र खास याच कामाच्या घ्या. एक, सपाट पात्याचा निपर, म्हणजे भाग कापायची छोटी पक्कड. दुसरी, पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचं द्रव, उदाहरणार्थ तामियाची हिरव्या टोपणाची ४० मिलीलीटरची बाटली. तिच्या टोपणालाच ब्रश असतो आणि एक बाटली पाच-सहा छोट्या किटना सहज पुरते. बाटली कधी ना कधी लवंडते, म्हणून ती जाड स्पंजच्या तुकड्यात खाच करून बसवा. सांडलेलं सिमेंट समोरच्या पंखावर गेलं तर तो पंख गेलाच.

काम ट्रेमध्ये करा, मांडीवर जुनी पांढरी चादर घ्या, डोक्यावरचा पंखा बंद ठेवा. एवढं करूनही भाग पडला तर दिवे मालवून टॉर्च जमिनीवर आडवा ठेवा आणि सावकाश फिरवा. फरशीवरच्या तीळभर वस्तूचीही लांब सावली पडते.

कापणं आणि चिकटवणं

भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात ती स्प्रू. सगळ्या स्प्रू भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुऊन वाळवा. साच्याचं तेल राहिलं तर पुढे रंग सुटतो. भाग एका घावात कापू नका. पहिला काप भागापासून दोन मिलिमीटर लांब, दुसरा जवळ, उरलेला टवका ब्लेडने आणि ६०० नंबरने. एकदम जवळून कापलं की प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरं पडतं किंवा भागात खड्डा निघतो.

चिकटवण्याआधी प्रत्येक जोड कोरडा लावून बघा. इथे वेळ घालवायला अजिबात कचरू नका. धडाचे दोन अर्धे नीट मिटत नसतील तर दोष बहुधा आत असतो: कॉकपिटची फरशी रुंद, किंवा जोडखिळीवर प्लास्टिकचा कण. दाबून चिकटवलं तर सांधा महिन्याभराने पुन्हा उघडतो. घासत-बघत शेवटी दोन्ही अर्धे हलक्या हाताने, आवाज न करता मिटतात, फट कुठे आहे तेही कळत नाही. या छंदातलं हे पहिलं मोठं सुख आहे आणि ते सिमेंटच्या थेंबाआधीच मिळतं.

सिमेंट म्हणजे गोंद नव्हे. ते प्लास्टिक विरघळवतं, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात, मग द्रव उडून जातो आणि एकच तुकडा उरतो. म्हणूनच ते रंगावर किंवा क्रोमवर धरत नाही. चिकटवायच्या कडेवरचा रंग खरवडावा लागतो. दोन्ही अर्धे बोटांनी धरा, ब्रशचं टोक सांध्याला टेकवा, द्रव फटीतून आपोआप धावतो. दोन-दोन सेंटिमीटर करत पुढे जा. दहा-पंधरा सेकंदांनी हलकेच दाबलं की मऊ प्लास्टिकची बारीक वळी वर येते. ती यायलाच हवी. फट भरल्याची ती खूण आहे. बोटं मात्र सांध्यावर कधीच ठेवू नका. द्रव बोटाखालीही धावतो आणि ठसा प्लास्टिकमध्ये छापला जातो. तसं झालंच तर पुसू नका. पुसल्याने मऊ झालेला थर फरफटतो. दिवसभर तसंच राहू द्या, मग १००० आणि २००० नंबरने ओलं घासा.

पुढची चूक घाईची, आणि ती जवळजवळ सगळ्यांकडून होते. सांधा तासाभरात हाताला घट्ट लागतो, म्हणून लोक घासायला घेतात. पण आतला द्रव अजून उडत असतो आणि प्लास्टिक आक्रसत असतं. आज सपाट घासलेला सांधा आठवड्याने बारीक खाचेसारखा खाली बसतो, आणि तोवर वर रंग लागलेला असतो. लहान सांध्याला दोन दिवस द्या, धडाच्या लांब सांध्याला आठवडा. पावसाळ्यात रंगाची घाई नसतेच, त्यामुळे हा आठवडा फुकट मिळतो.

फटी भरायला तीन उपाय आहेत. वाया जाणाऱ्या स्प्रूचे बारीक तुकडे थोड्या सिमेंटमध्ये रात्रभर विरघळवा: त्याच प्लास्टिकची, त्याच कडकपणाची लापशी तयार होते. ती उत्तम, पण वाळायला दोन-तीन दिवस. गाड्यांच्या रंगकामातली एन. सी. पुट्टी स्वस्त आहे आणि छान घासली जाते, पण ती आक्रसते आणि तिच्यातला थिनर प्लास्टिक खातो, म्हणून पातळ थर, मध्ये एक रात्र. फेव्हिक्विक आणि टाल्कम पावडरचं मिश्रण लगेच धरतं. तासाभरात घासायला हवं, कारण उद्यापर्यंत ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि मग आजूबाजूचंच झिजतं. पावडरऐवजी खाण्याचा सोडा वापरू नका, त्याचा दगड होतो.

सांधा पूर्ण सपाट झाला का हे डोळ्यांना कळत नाही, नखाला कळतं. नख आडवं फिरवा. अडलं तर काम बाकी आहे.

मिग-२१ ला नाकाखाली एक आणि पंखांखाली दोन अशी चाकं आहेत. नाकात वजन नसेल तर मॉडेल शेपटीवर बसतं, आणि हे धड बंद झाल्यावर लक्षात येतं. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शिशाच्या गोळ्या मिळतात. पाच ग्रॅमपासून सुरुवात करा: भाग टेपने तात्पुरते जोडा, मागच्या चाकांच्या जागी पेन्सिल आडवी ठेवून तोलून बघा, मग थोडं जास्तच टाका. शिसं इपॉक्सीने किंवा फेव्हिक्विकने बसवा, पांढऱ्या फेव्हिकॉलने नाही. पांढऱ्या गोंदातलं आम्ल आणि दमट हवा यांनी शिशावर पांढरा क्षार चढतो, तो फुगतो आणि काही वर्षांनी धड आतून फाटतं. शिसं हाताळल्यावर हात धुवा.

कॉकपिटच्या काचेला याच्या उलट: तिथे फेव्हिकॉलच. फेव्हिक्विकच्या वाफेने काच आतून पांढरी होते आणि ते पुसायला हात पोचत नाही.

पावसाळ्याचा त्रास या टप्प्यातही आहेच. ब्लेड आणि कानशी गंजतात. काम झालं की शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवा. डेकलचा कागद ओल धरून वळतो, तो पहिल्याच दिवशी सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत टाका.

रंग

पांढरी साय का धरते ते आधी समजून घ्या. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभाग गार करतो. हवा दमट असली की त्या गार पृष्ठभागावर बाष्प जमतं, थंडगार बाटलीवर जमतं तसं, आणि ते रंगाच्या थरात अडकतं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीतही सकाळची वेळ टाळा. अकरा ते चार हे तास चांगले. एक लहानसा आर्द्रतामापक टेबलावर ठेवा, काटा साठ-पासष्ट टक्क्यांच्या खाली असेल तरच लॅकर आणि वार्निश. साय आलीच तर कोरड्या दिवशी सावकाश उडणारा रिटार्डर थिनर अगदी हलका फवारा; थर पुन्हा मऊ होतो आणि अडकलेली ओल निघून जाते. बहुतेक वेळा मॉडेल वाचतं.

परदेशी मार्गदर्शनात दोन सल्ले नेहमी येतात. गॅरेजमध्ये फवारा, हा पहिला. मुंबईत तो बाद. धूळ बसावी म्हणून गरम पाण्याने वाफाळलेल्या न्हाणीघरात फवारा, हा दुसरा. इथल्या हवेत तो घातक. त्याऐवजी खिडकीत पुठ्ठ्याचा मोठा खोका उभा करा, मागे एक्झॉस्ट फॅन, तोंडावर वाफेचा मास्क. साधा कापडी मास्क थिनर अडवत नाही. थिनरची वाफ पेट घेते, तेव्हा देवघरातली समई आणि गॅस दोन्ही विझलेले हवेत. फवारलेलं मॉडेल लगेच स्वच्छ डब्याखाली झाका. शेजारी बांधकाम चालू असेल तर हे विसरून चालणारच नाही.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) नसेल तर ब्रशनेही सुरेख काम होतं, फक्त रंग पाण्याने पातळ होणारा घ्या, व्हॅलेहोसारखा. आठ मिलिमीटरचा सपाट ब्रश, रंग दुधाइतका पातळ, तीन-चार थर, प्रत्येक थर आधीच्याला आडवा, मध्ये निदान तास. पहिला थर भयंकर दिसतो, डागाळलेला आणि अर्धपारदर्शक. त्यावर लगेच दुसरा हात फिरवायचा मोह आवरा. तामियाचे अ‍ॅक्रिलिक ब्रशने देऊ नका. नवा थर खालच्याला उचलतो. तेच रंग एअरब्रशमध्ये सर्वांत गुणी: ०.३ मिलिमीटरचं नोझल, रंग आणि थिनर समसमान, १५ ते १८ पीएसआय दाब, आठ-दहा सेंटिमीटर अंतर. टाकी असलेला कॉम्प्रेसर घ्या. तो सतत धडधडत नाही, शेजाऱ्यांनाही बरं. टाकीच्या तळाची झडप प्रत्येक बैठकीनंतर उघडून पाणी काढा. मुंबईत ते पाणी रोज निघतं, आणि न काढलं तर एक दिवस थेंब होऊन पंखावर पडतं. एप्रिल-मेमध्ये रंग नोझलच्या टोकावरच वाळतो. दोन थेंब रिटार्डर घाला आणि टोक ओल्या ब्रशने पुसत राहा.

पहिल्या मिगला चकाकता धातूचा रंग देऊ नका. धातूच्या रंगात प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. १९७१ च्या सुमाराचं हिरव्या-तपकिरी पट्ट्यांचं रूप निवडा. त्या वेळी अनेक विमानं तळावरच घाईने रंगवली गेली, त्यामुळे पट्ट्यांचे आकार विमानागणिक वेगळे. एखाद्या विशिष्ट क्रमांकाचा फोटो समोर ठेवूनच काम करा. आधी राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर. तो सुकला की सांध्यातल्या राहिलेल्या चुका सगळ्या दिसतात, आणि दुरुस्तीची ती शेवटची संधी असते.

डेकल

मॅट पृष्ठभागावर डेकल लावलं की त्याच्याखाली हवा अडकते आणि चिन्हाभोवती चंदेरी झाक दिसते. म्हणून आधी चकचकीत वार्निश, एक पूर्ण दिवस वाळवण, मग डेकल. कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद, बाहेर काढून मिनिटभर थांबा, मग ब्रशने सरकवा. कागदावरून ओढू नका. जागेवर बसलं की मऊ करणारं द्रव, मायक्रो सोलसारखं, वरून लावा. डेकल सुरकुतून अगदी वाया गेल्यासारखं दिसेल. हात लावू नका. काही तासांत ते आपणहून ताणलं जातं आणि पत्र्याच्या रेघांत उतरतं. चंदेरी झाक राहिलीच तर सुईने टोचून पुन्हा तेच द्रव. किट जुनं असेल तर आधी नको असलेलं एखादं डेकल भिजवून बघा. तुटलं, तर सगळ्या कागदावर चकचकीत वार्निशचा थर देऊन मगच कापा.

शेवटचे हात

डेकलवर पुन्हा एक चकचकीत थर, मग वॉश, म्हणजे रेघांत उतरवायचा पातळ गडद रंग. कॅमलच्या तैलरंगातला बर्न्ट अंबर आणि किंचित काळा पुठ्ठ्यावर काढून अर्धा तास ठेवा, म्हणजे जादा तेल शोषलं जाईल. मग एक भाग रंगाला साधारण दहा भाग मिनरल टर्पेंटाइन. बारीक ब्रशचं टोक रेघेला लावलं की रंग रेघेतून धावत जातो, आणि आतापर्यंत सपाट दिसणारं विमान पत्र्यांचं, खिळ्यांचं दिसू लागतं. हे कितीही वेळा केलं तरी पाहत राहावंसं वाटतं. वीस मिनिटांनी जेमतेम ओल्या इअरबडने नाकाकडून शेपटीकडे पुसा. टर्पेंटाइन उघड्या प्लास्टिकवर साचू देऊ नका, ताणाखाली असलेले सांधे तडकतात.

यानंतरचा मॅट थर या सगळ्यातला सर्वांत जोखमीचा आहे, कारण तो बिघडला तर खालचं सगळंच काम झाकोळतं. आधी त्याच दिवशी, त्याच हवेत प्लास्टिकच्या चमच्यावर फवारून अर्धा तास बघा. चमचा पांढरा झाला तर मॉडेल डब्यात ठेवा आणि उद्याची वाट पाहा.

नाकावरची पिटोची काडी (हवेचा वेग मोजणारी नळी) सर्वांत शेवटी लावा. प्लास्टिकची तुटतेच, तिच्याऐवजी इंजेक्शनची बारीक सुई टोक घासून बसवा. मग काचेवरची मास्किंग टेप ब्लेडच्या टोकाने उचला. किनार सुटली असेल तर टूथपिकने रंग खरवडा, धातूने नाही.

मॉडेल काचेच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत ठेवा, थेट ऊन येणार नाही अशा भिंतीला, आत सिलिका जेलची पुडी. कपड्यांच्या कपाटात ठेवणार असाल तर आधी डांबरगोळ्या काढा. नॅफ्थलीनची वाफ पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, मऊ करते, आणि बंद कपाटात एका पावसाळ्यात पंखांच्या कडा चिकट होऊ शकतात.